जुन्या गाडीला चोरीपासून कसे जपावे? राजारामपुरीतून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न असा आहे: वडिलांनी २००३ साली घेतलेली मारुती ८००, मूळची पेट्रोलची आणि पुढे सीएनजी किट बसवलेली, रात्री कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गल्लीत रस्त्यावरच उभी असते. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतून तसलीच एक जुनी गाडी पहाटे गेली. आता एक जण जीपीएस बसवा म्हणतो, दुसरा सायरन बसवा म्हणतो आणि तिसरा गाडीच विकून टाका म्हणतो. मी शिवाजी उद्यमनगरात सत्तावीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आहे, आणि असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच गोष्ट सांगतो, की कोणते यंत्र बसवायचे हा विचार नंतरचा. आपल्या गाडीत मुळात कशाची उणीव आहे हे आधी पाहू.

उणीव अशी, की आपली गाडी मालकाला ओळखत नाही. अलीकडच्या गाडीच्या किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, इग्निशनच्या कुलुपाभोवती तारेचे एक कडे असते, आणि किल्ली आत गेली की ते कडे चिपचा क्रमांक वाचून इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवते. क्रमांक जुळला नाही तर सेल्फ फिरूनही इंजिन चालू राहत नाही. आपल्या गाडीत ती चिपही नाही आणि ते कडेही नाही. तिथे इग्निशन म्हणजे कुलूप लावलेले एक साधे बटण आहे, आणि ते कुलूप ज्याने फिरवले तो गाडीच्या दृष्टीने मालक. खात्री करायची असेल तर रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून साधी, बिनचिपची नक्कल करून घ्या आणि तिने गाडी सुरू करून पाहा. सुरू झाली आणि चालू राहिली, तर गाडीत चिपची व्यवस्था नाही. जुन्या गाड्या चोरट्यांना सोप्या वाटतात त्याचे मोठे कारण हेच आहे. दुसरे कारण असे, की त्यांचे सुटे भाग अजून खपतात आणि भाग सुटे झाल्यावर गाडी कोणाची होती हे कोणी विचारत नाही.

उपाय मात्र सगळ्यांना सारखा सांगता येत नाही. गाडी फाटकाच्या आत उभी राहते की रस्त्यावर, ती रोज हलते की पंधरवड्यातून एकदा, तिचे इंजिन कार्बोरेटरचे आहे, एमपीएफआय (म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो असे) आहे की डिझेल, आणि ती चालवणारी माणसे किती व कोणत्या वयाची, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आपण लिहिता की वडील अजून रोज सकाळी गाडी घेऊन रंकाळ्यावर फिरायला जातात. ही माहिती माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण ज्या उपायाचा घरच्या माणसाला त्रास होतो तो आठ दिवसांत बंद पडतो.

सुरुवात कुलुपापासून करा. आपली किल्ली खिशातून काढून उजेडात धरा. वीस वर्षे वापरलेल्या किल्लीचे दाते टोकदार राहिलेले नसतात. ते नदीतल्या गोट्यासारखे गोल झालेले असतात आणि कडेला पितळेची पिवळी रेघ दिसू लागते. जितकी किल्ली झिजली तितक्याच कुलुपातल्या पत्र्याच्या पट्ट्याही झिजलेल्या असतात, आणि मग त्या कुलुपाला आपली किल्ली आणि शेजाऱ्याची किल्ली यांतला फरक कळेनासा होतो. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. बिंदू चौकाजवळच्या पार्किंगमध्ये ते आपली समजून दुसऱ्याच पांढऱ्या ८००मध्ये बसले, गाडी सुरूही केली, आणि डॅशबोर्डवरचा गणपती आपला नाही हे पाहिल्यावर घाबरून उतरले. त्यांनी गोष्ट हसत सांगितली, पण मी त्यांना त्याच दिवशी लॉक सेट बदलायला लावला. इग्निशन, दोन्ही दरवाजे आणि डिकी यांची एकाच किल्लीने उघडणारी जोडी मिळते. ती बदलणे हा आपला पहिला खर्च असावा. गाडी कोणाकडून जुनी घेतलेली असेल तर हा खर्च टाळूच नये, कारण आधीच्या मालकाने किती नकला करून कोणाकोणाला दिल्या होत्या हे आपल्याला कधीच कळत नाही.

त्याच वेळी स्टीअरिंग लॉक तपासून घ्या. किल्ली काढून स्टीअरिंग थोडे फिरवले की ‘खट्’ आवाज होऊन ते अडकले पाहिजे. किल्ली काढून तसेच उतरण्याची सवय निम्म्या लोकांना असते, त्यामुळे कुलूप असूनही लागलेले नसते. खिडकीच्या काचेलगतचे रबर वाळून फट पडली असेल तर तेही बदला. त्याला खर्च फारसा येत नाही आणि पावसाळ्यात दारात पाणी उतरायचेही थांबते.

आता दिसणारा अडथळा. बाजारात स्टीअरिंगला आडवी लावायची दांडी मिळते, क्लच किंवा ब्रेकच्या पायडलला अडकवायचा गज मिळतो आणि गिअर लॉक मिळते. मी गिअर लॉकच्या बाजूने आहे. स्टीअरिंगची दांडी कितीही जाड असली तरी ती ज्या कड्याला अडकवलेली असते ते कडे आतून बारीक सळईचे आणि वरून प्लास्टिकचे असते. चोरटा दांडीच्या वाटेला न जाता ते कडेच कापतो. पायडलचा गज चांगला असतो, पण तो लावायला खाली वाकावे लागते, आणि गुडघे दुखणारा माणूस रोज दोनदा वाकणार नाही. गिअर लॉक गाडीच्या तळाला बोल्टने पक्के बसते, त्या बोल्टांची डोकी कसल्यावर तुटून जातात त्यामुळे ते पान्याने उलटे फिरवता येत नाहीत, आणि गिअरचा दांडा रिव्हर्समध्ये अडकला की गाडी ढकलून पुढे नेता येत नाही. बसवणाऱ्याला एवढेच सांगा, की गालिचा उचलून पत्रा गंजलेला नाही ना हे आधी पाहा. आपल्याकडच्या पावसात या गाड्यांच्या तळाशी पाणी साचते, आणि कुजक्या पत्र्यावर कसलेले कुलूप एका हिसक्यात पत्र्यासकट वर येते.

यानंतर न दिसणारा अडथळा, म्हणजे गुप्त स्विच. माझ्या कामाचा हा गाभा असल्याने इथे थोडे सविस्तर लिहितो. इंजिनाला चालायला ठिणगी लागते आणि इंधन लागते. यांपैकी एकाची वीज लपवलेल्या बटणाने तोडली की किल्ली फिरवूनही गाडी सुरू होत नाही. कल्पना सोपी आहे, पण वायर कुठे तोडायची यात अनुभव लागतो. पुष्कळ ठिकाणी सेल्फची वायर तोडून देतात, कारण ते काम दहा मिनिटांत होते आणि त्यात चालती गाडी बंद पडण्याची भीती नसते. परंतु सेल्फ फिरला नाही तर गाडीला धक्का मारावा, दुसरा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गिअर लॉक असेल तर धक्का मारणे थांबते हे खरे. तरी एकट्या सेल्फच्या स्विचवर मी विसंबत नाही.

आपल्यासारख्या एमपीएफआय गाडीत बहुतेक जण टाकीतल्या पेट्रोल पंपाची वीज तोडतात. आपल्या गाडीला तेवढे पुरणार नाही, कारण तिला सीएनजी किट आहे. साध्या किटवर गाडी थेट गॅसवर सुरू करता येते, आणि मग पेट्रोलचा पंप बंद असला काय नि चालू असला काय, चोरट्याला फरक पडत नाही. म्हणून आपल्या गाडीत तोडायची ती जागा पेट्रोल आणि गॅस या दोहोंना समान हवी. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वीज देणारा जो मेन रिले, म्हणजे लहान विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच असतो, तो लागला नाही तर ठिणगीच पडत नाही, मग इंधन कोणतेही असो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत, म्हणजे पद्मिनी किंवा पहिल्या पिढीची ८०० यांत, हेच काम इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या वायरवर करता येते. जुन्या डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे इंजेक्शन पंपावरच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या इंधनाच्या झडपेची वायर धरावी लागते, आणि ज्या गाड्या दोरी ओढून बंद कराव्या लागतात त्यांत असला स्विच निरुपयोगी आहे.

रिलेच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ओम्नीला गुप्त स्विच बसवला, तो पंपाच्या जाड वायरमध्येच. पंप सतत चार-पाच ॲम्पिअर वीज घेतो, आणि मी वापरलेले बटण दिसायला दणकट असले तरी त्याच्या आतल्या पत्र्या तेवढ्या कामाच्या नव्हत्या. तीन-चार महिने काही झाले नाही. मग एका रात्री ते कुटुंब पुण्याहून परत येत असताना किणी टोलनाक्याच्या अलीकडे गाडी गचके खाऊ लागली आणि बंद पडली. मागे ट्रक, आत दोन लहान मुले. मला अकरा वाजता फोन आला. मोटारसायकलवरून तिथे जाऊन डॅशबोर्डखाली हात घातला तर जळक्या प्लास्टिकचा वास येत होता, बटणाची एक बाजू मेणासारखी ओघळली होती आणि वायरचे टोक काळे पडले होते. दोन वायरी थेट जोडून गाडी रवाना केली आणि दुसऱ्या दिवशी सगळे काम फुकट नव्याने करून दिले.

तेव्हापासून मी जाड वायरीला हात लावत नाही. रिलेला दोन बाजू असतात: एका बाजूने पंपाची किंवा कॉम्प्युटरची मोठी वीज जाते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या आतल्या गुंडाळीला चालवणारी लहान वीज असते, साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर. गुप्त बटण या लहान विजेच्या वायरमध्ये बसवले तर ते तापत नाही, वायर बारीक असली तरी चालते, आणि मूळ रिले आपले काम पूर्वीसारखे करत राहतो. जोड पिळून टेप गुंडाळलेला नसावा. तो डाख देऊन, वरून आकसणारी नळी चढवून पक्का केलेला असावा, आणि नवी वायर मूळ जुडग्यातल्या रंगाचीच घ्यावी, कारण काळ्या वायरींत एक लाल वायर दिसली की शोधणाऱ्याचे काम झाले. सामानाचा खर्च चार-पाच मिसळींपेक्षा जास्त येत नाही. पैसे लागतात ते कामाच्या वेळेचे.

बटण कुठे लपवावे हे मी इथे लिहिणार नाही, आपण कारण समजू शकाल. इतकेच सांगतो, की स्टीअरिंगच्या खाली डाव्या हाताला लपवू नका. तिथे सगळेच लपवतात. पायाखालच्या गालिच्यातही नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे आलेल्या कितीतरी गाड्यांत तळाशी बसवलेले जोड हिरवे पडलेले मी पाहिले आहेत. गाडीत आधीपासून असलेले एखादे निकामी बटण या कामाला लावणे मला सर्वांत आवडते. आणि जागा घरातल्या प्रत्येक चालकाला दाखवून ठेवा. एका गिऱ्हाइकाने गुपित इतके पाळले की बायकोलाही सांगितले नाही. त्या माउलीने भवानी मंडपाजवळ बंद पडलेली गाडी टो करून गॅरेजला नेली आणि तिथे पेट्रोलची टाकी उतरवेपर्यंत मजल गेली.

सायरनबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. जुन्या गाडीच्या दरवाजांची बटणे झिजलेली असतात, त्यामुळे मांजराने उडी मारली तरी तो वाजतो. गणपतीत आणि दिवाळीत तर रात्रभर वाजतो, आणि चौथ्या रात्रीनंतर गल्लीतले कोणी खिडकीतून डोकावतही नाही. शिवाय तो सतत थोडी वीज खात असतो. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सुमारे पाऊण ॲम्पिअर-तास होतात. आपल्या गाडीची बॅटरी साधारण ३५ ॲम्पिअर-तासांची असते, म्हणजे गाडी न हलवता तीन-साडेतीन आठवडे उभी राहिली तर अर्धी बॅटरी सायरननेच खाल्ली. वडील रोज गाडी काढतात म्हणून आपल्याला ही अडचण येणार नाही, परंतु महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याने हा हिशेब करावा.

जीपीएसविषयी लोकांचा गैरसमज असा, की ते बसवले म्हणजे गाडी चोरीला जात नाही. गाडी जाते, ती कुठे गेली एवढेच ते सांगते, आणि तेही त्याचे सिम रिचार्ज केलेले असेल, नेटवर्क असेल आणि चोरट्याने ते उपटले नसेल तर. राजारामपुरीतून पहाटे निघालेली गाडी पाऊण-एक तासात कागल ओलांडून निपाणीच्या पुढे पोहोचते, म्हणजे दुसऱ्या राज्यात. आपण सात वाजता उठून मोबाइलवर ठिपका पाहिला तर तो एखाद्या शेडजवळ थांबलेला दिसेल आणि गाडीचे भाग सुटे व्हायला लागलेले असतील. म्हणून जीपीएस घ्यायचेच असेल तर गाडी जागेवरून हलताच मोबाइलवर मोठ्याने गजर करणारे घ्या, तो गजर झोपेत ऐकू येईल असा लावा, आणि आत स्वतःची छोटी बॅटरी असलेले उपकरण निवडा. नव्या गाड्यांच्या सॉकेटमध्ये खोचायची उपकरणे आपल्या गाडीला चालणार नाहीत; वायरने जोडायचे घ्यावे लागेल. मोबाइलवरून चालती गाडी बंद करण्याची सोय कोणी देऊ केली तर ती नको म्हणा. अनुस्कुऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या घाटात चुकून बोट लागले तर काय होईल याचा विचार करा. आपल्या परिस्थितीत मी जीपीएसला चौथा क्रमांक देईन, लॉक सेट, गिअर लॉक आणि गुप्त स्विच यांच्यानंतर, आणि तेही पैसे उरले तर.

गाडी उभी कशी करता याकडेही पाहा. गल्लीत लावताना पुढची चाके पूर्ण वळवून ठेवा आणि तोंड भिंतीकडे करा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अशी उभी असली की ओढून काढायला वेळ लागतो. नवरात्रात जागा मिळत नाही म्हणून लांबच्या अंधाऱ्या बोळात गाडी लावून देवीच्या दर्शनाला तीन तास रांगेत थांबायचे असेल, तर त्या दिवशी रिक्षाने गेलेले बरे. रस्त्यावरच्या गाडीला कव्हर घालण्याबद्दल माझे मत लोकांपेक्षा वेगळे आहे. कव्हर रंगाला जपते, पण धूळ बसलेले कव्हर ही गाडी पंधरा दिवस हललेली नाही हे सांगते, आणि त्याच्या आत शिरून काम करणाऱ्याला आडोसाही देते.

किल्ल्यांबाबत कडक राहा. दुसरी किल्ली गाडीत ठेवू नका आणि गंगावेशीत दूध प्यायला उतरताना इंजिन चालू ठेवू नका. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते, आणि किल्ली गाडीतच होती असे दिसले तर दावा अडतो. लॉक सेट बदलला की त्याचे बिल आणि जुन्या किल्ल्याही जपून ठेवा, म्हणजे किल्ल्या वेगळ्या का, या प्रश्नाला उत्तर राहील. मात्र आधी आपला विमा कोणता आहे ते पाहा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग विम्यात असावा लागतो. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची किंमत ठरलेल्या तक्त्याप्रमाणे कमी होत जाते, त्यापुढे ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. वीस वर्षांच्या ८००ची ही रक्कम इतकी लहान असते की तेवढ्यासाठी दरवर्षी हप्ता भरावा की नाही, हे आपले आपण ठरवावे. वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या हप्त्यात २.५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सवलत विम्याच्या जुन्या दरपत्रकापासून चालत आलेली आहे. नूतनीकरणाच्या वेळी विचारून पाहा, पण केवळ तिच्यासाठी उपकरण घेऊ नका.

एवढे करूनही गाडी गेली, तर आधी ११२ वर फोन करा आणि मग तक्रार नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, नंबरप्लेटवरचा लेझरने कोरलेला क्रमांक आणि गाडीवरच्या ओरखड्यांचे फोटो मोबाइलमध्ये आधीपासून असतील तर तक्रार लिहायला पाच मिनिटे लागतात. आरसीची प्रत गाडीच्या खणात ठेवून घरी काहीच नसणारे लोक मी पाहिले आहेत; गाडीबरोबर कागदही जातात.

विकण्याबद्दल आपण विचारले होते. या गाडीचे जे पैसे हातात येतील त्यांत वडिलांना सवयीची, रंकाळ्यापर्यंत नेणारी दुसरी गाडी मिळणार नाही, म्हणून माझे उत्तर नाही असे आहे. लॉक सेट आणि गिअर लॉक बसवून घ्यायला एक सकाळ पुरते, गुप्त स्विचला दुसरी. त्या दिवशी वडिलांना बरोबर आणा. गिअर लॉकची किल्ली त्यांच्या हाताला कशी फिरते ते पाहूनच मी बोल्ट कसतो. त्या कुलुपाबरोबर किल्लीचा क्रमांक लिहिलेले एक छोटे कार्ड मिळते. ते घरच्या कपाटात ठेवा, गाडीच्या खणात नको.